पहिली इंटर्नशिप: नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

नाशिकमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एक सोय आपसूक मिळालेली आहे आणि तिचा पुरेपूर उपयोग फार थोडे जण करतात. महाविद्यालयापासून तासा-दीड तासाच्या अंतरात मोटारींचे सुटे भाग, स्विचगिअर, टायर, औषधे, लढाऊ विमाने, वाइन, निर्यातीची द्राक्षे आणि सॉफ्टवेअर हे सारे तयार होते. तरीही सत्र संपत आले की वर्गावर्गातून ऐकू येणारा प्रश्न ठरलेला असतो: "सर्टिफिकेट कुठून मिळेल?" राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू होऊ लागल्यापासून इंटर्नशिप, ऑन-जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रीय प्रकल्प यांना क्रेडिट मिळू लागले आहेत. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे चार क्रेडिटला १२० तास, असा हा हिशेब आहे. रोज आठ तास धरले तर हे काम पंधरा दिवसांचे होते. एवढे तास कागदावर भरून देणारी माणसे प्रत्येक शहरात असतात, नाशिकही त्याला अपवाद नाही. पण ज्याने ते तास कागदावरच भरले, त्याला मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नापुढे काही सांगता येत नाही, हे मुलाखत घेणाऱ्या कोणालाही विचारून पाहावे.

पुढचा सगळा सल्ला एका मतावर उभा आहे, म्हणून ते मत आधीच सांगून टाकतो. इंटर्नशिप संपल्यावर तुमच्या हाती उरते ते तुम्ही स्वतः पूर्ण केलेले, दुसऱ्याला दाखवता आणि समजावता येईल असे एखादे छोटे काम. कंपनीचे नाव, स्टायपेंड, वातानुकूलित ऑफिस आणि प्रमाणपत्रावरचे सोनेरी छपाईचे बोधचिन्ह यांचा क्रमांक त्यानंतर लागतो. तेव्हा जागा निवडताना, अर्ज करताना आणि तिथे दिवस घालवताना "इथे मला असे काम मिळेल का?" हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा आहे.

पहिली पायरी: आपल्याला नेमके काय हवे आहे ते ओळखणे

इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप आणि सरकारी प्रशिक्षण योजना या तीन गोष्टींची विद्यार्थी सर्रास सरमिसळ करतात आणि मग चुकीच्या पोर्टलवर अर्ज भरून वाट पाहत बसतात. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, शिक्षण चालू असताना केली जाते ती इंटर्नशिप. तिच्यासाठी महाविद्यालयाचे पत्र लागते, तिथल्या एका प्राध्यापकाची मार्गदर्शक म्हणून नेमणूक होते आणि शेवटी अहवाल व तोंडी परीक्षा असते. अप्रेंटिसशिप ही १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली येते. तिच्यात आस्थापना आणि उमेदवार यांच्यात नोंदणीकृत करार होतो, किमान विद्यावेतन नियमांनी ठरलेले असते आणि मुदतही बहुधा काही महिन्यांपासून वर्षापर्यंतची असते. पदवी किंवा पदविका हाती आलेल्यांनी राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेच्या, म्हणजे नॅट्सच्या, पोर्टलवर नोंदणी करावी. आयटीआय झालेल्यांसाठी नॅप्स ही दुसरी योजना आहे.

तिसरा प्रकार सरकारी योजनांचा. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० रुपये आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले. त्याच वर्षी केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना आली. तिच्या पहिल्या टप्प्यात २१ ते २४ वयोगटातील तरुणांना मोठ्या कंपन्यांमध्ये बारा महिन्यांची संधी आणि दरमहा ५,००० रुपये अशी रचना होती. या दोन्ही योजना सुरू झाल्या तेव्हाच्या नियमांनुसार पूर्ण वेळ शिक्षण घेत असलेल्यांसाठी नव्हत्या, हे लक्षात घ्यावे. तुम्ही दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला असाल तर त्यांची माहिती नोंदवून ठेवा, अटी अर्जाच्या वेळी नव्याने वाचा, आणि आत्ता महाविद्यालयीन इंटर्नशिपकडे वळा.

दुसरी पायरी: दिनदर्शिका समोर ठेवून काळ निवडणे

इंटर्नशिपचा काळ विद्यापीठाच्या वेळापत्रकावरून ठरवला जातो आणि ज्या व्यवसायात जायचे त्याचा हंगाम कोणीच पाहत नाही. नाशिकमध्ये तर हा विचार केल्यावाचून भागत नाही. वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्नप्रक्रिया किंवा कृषी शाखेचा विद्यार्थी मे महिन्यात वायनरीत गेला तर त्याला स्वच्छ धुतलेल्या टाक्या आणि शांत प्रयोगशाळा दिसेल. कारण द्राक्षांची तोडणी आणि वायनरीतले क्रशिंग (द्राक्षे चिरडून रस काढणे) मुख्यतः जानेवारी ते मार्च या काळात होते. निर्यातीच्या पॅकहाउसचेही तसेच आहे. कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी, अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट प्रणालीतली बागेची नोंद, मण्याचा आकार, गोडी, पेटीवरचा कोड, शीतगृहाचे तापमान ही सारी साखळी प्रत्यक्ष चालताना पाहायची तर ती हंगामातच पाहावी लागते. अशा विद्यार्थ्याने हिवाळी परीक्षा संपताच पंधरा दिवस काढणे, किंवा आठवड्यातून दोन दिवस जाऊन तास भरण्याची परवानगी महाविद्यालयाकडून आधीच घेणे, हा चांगला मार्ग आहे. बागेचे कामच शिकायचे असेल तर एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी हे दोन काळ धरावेत.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने सीए ऑफिसात जाताना महिन्यातल्या तारखा पाहाव्यात. दर महिन्याला जीएसटीचे विवरणपत्र भरणाऱ्यांचे जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी (कराचा गोषवारा) २० तारखेपर्यंत जायचे असते. त्या दिवसांत ऑफिसात कोणालाही शिकवायला सवड नसते, पण पाहण्यासारखे सर्वांत जास्त त्याच दिवसांत घडते. पंधरा दिवसांचीच इंटर्नशिप असेल तर ती ५ तारखेपासून सुरू करावी, म्हणजे एक पूर्ण फेरा डोळ्यांखालून जातो. सीए होण्याच्या मार्गावर असलेल्यांचे गणित निराळे असते, कारण त्यांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएकडे करायचे सक्तीचे प्रशिक्षण, ही स्वतंत्र आणि २०२३ च्या नव्या योजनेपासून दोन वर्षांची आहे.

कारखान्यांत दिवाळीच्या सुमारास, आणि काही ठिकाणी उन्हाळ्यातही, देखभालीसाठी काही दिवस उत्पादन थांबते. उत्पादन शिकायला जाणाऱ्याने ते दिवस टाळावेत. देखभाल शिकणाऱ्याला मात्र यंत्र उघडलेले पाहण्याची तीच वेळ असते. अर्ज साधारण तीन महिने आधी सुरू करावा. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्ससारख्या संरक्षण उत्पादनाच्या ठिकाणी किंवा मोठ्या सरकारी आस्थापनांत कागदपत्रांच्या पडताळणीला वेळ जातो, म्हणून तिथे त्याहूनही लवकर.

तिसरी पायरी: जागा शोधणे

नाशिकचा औद्योगिक नकाशा एकदा वहीत काढून पाहावा. सातपूर आणि अंबड या शहरालगतच्या दोन वसाहती; मुंबई-आग्रा महामार्गावर मुंबईच्या दिशेने गोंदे आणि वाडीवऱ्हे; पुणे रस्त्याने सिन्नर, जिथे मुसळगावची सहकारी वसाहत आणि मालेगावची एमआयडीसी आहे (हे सिन्नरजवळचे मालेगाव; मुलाखतीचे पत्र वाचून कसमादेतल्या मालेगाव शहराच्या बसमध्ये बसू नये); उत्तरेला दिंडोरी आणि पूर्वेला ओझर. महिंद्रा, बॉश, सिएट, एबीबी, सीमेन्स ही नावे सर्वांना ठाऊक असतात आणि सर्वांचे अर्ज तिथेच जातात. पण या मोठ्या कारखान्यांना भाग पुरवणारे शेकडो छोटे आणि मध्यम कारखाने सातपूर-अंबडच्या गल्ल्यांत आहेत आणि पहिल्या इंटर्नशिपसाठी माझी पसंती त्यांनाच आहे.

त्याचे कारण सरळ आहे. मोठ्या कंपनीत इंटर्नला बहुधा एका विभागात बसवले जाते, यंत्राला हात लावायची परवानगी मिळत नाही, आणि मार्गदर्शक म्हणून नेमलेले इंजिनीअर इतके व्यग्र असतात की दोन आठवड्यांत त्यांच्याशी जेमतेम चार वेळा बोलणे होते. पंचवीस-तीस माणसांच्या कारखान्यात मालक स्वतः शॉप फ्लोअरवर असतो, गिऱ्हाइकाकडून माल परत आला की त्याची चर्चा तुमच्यासमोर होते, आणि कोटेशन कसे काढतात, कच्च्या मालाचा दर वाढला की काय होते, पैसे किती उशिरा मिळतात हे सगळे एकाच छपराखाली कळते. उणिवाही आहेत: शिकवण्याची काही पद्धत नसते, कधी कधी तुम्हाला फुकटचा मदतनीस समजले जाते आणि प्रमाणपत्राचा मजकूर तुम्हालाच लिहून न्यावा लागतो. तरीही हातात काम मिळण्याची शक्यता तिथे जास्त असते. मोठ्या कंपनीत जायचेच असेल तर तिथे काम करणाऱ्या कोणा ओळखीच्या माणसाला एवढेच विचारावे की गेल्या वर्षीच्या इंटर्नकडून काय करून घेतले. "प्लांट दाखवला" असे उत्तर आले तर दुसरीकडे पाहावे.

शोधायला सुरुवात महाविद्यालयाच्या टीपीओपासून, म्हणजे प्रशिक्षण व नोकरीच्या संधी पाहणाऱ्या अधिकाऱ्यापासून, करावी, पण तिथे थांबू नये. सातपूरची निमा आणि अंबडची आयमा या उद्योजकांच्या संघटनांच्या कार्यालयांत जाऊन चौकशी करता येते. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या इंटर्नशिप पोर्टलवरही नाशिकच्या संधी शोधता येतात. आपल्याच महाविद्यालयातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला विद्यार्थी हा सर्वांत भरवशाचा दुवा असतो, कारण आत काय चालते ते तो खरे सांगतो.

इतर शाखांच्या विद्यार्थ्यांना "आमच्यासाठी नाशिकमध्ये काय आहे?" असे वाटते, त्यांनी थोडे आजूबाजूला पाहावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय गावातच आहे. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तर सध्यासारखा काळ क्वचितच मिळेल, कारण २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाची कामे काढली गेली आहेत आणि कंत्राटदाराच्या साइटवर मोजमाप पुस्तक कसे लिहितात, काँक्रीटची ताकद तपासण्याचे क्यूब कधी भरतात आणि कधी फोडतात, हे पाहायला मिळू शकते. २०१५ च्या सिंहस्थाच्या आधी मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन हा कुंभमेळ्यातल्या प्रश्नांवर उपाय शोधणारा उपक्रम भरला होता आणि त्यात गर्दी, आरोग्य, वाहतूक अशा प्रश्नांवर विद्यार्थ्यांनी काम केले होते. संगणक शाखेच्या मुलांनी ते उदाहरण डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही.

चौथी पायरी: विचारणे

रेझ्युमे एका पानाचा असावा. त्यात "मेहनती", "जिद्दी", "टीम प्लेअर" ही विशेषणे लिहू नयेत, कारण ती प्रत्येकाच्या रेझ्युमेत असतात. काय येते आणि काय येत नाही हे स्पष्ट लिहावे. छोट्या कारखान्याच्या मालकाला ईमेलपेक्षा व्हॉट्सॲपवर निरोप पाठवणे आणि त्यानंतर प्रत्यक्ष जाणे जास्त उपयोगी पडते. निरोप साधारण असा असावा:

"नमस्कार सर. मी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. आपल्याकडे सीएनसी टर्निंगचे काम होते असे समजले. ड्रॉइंग वाचणे, व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने मोजणे आणि एक्सेलमध्ये नोंदी ठेवणे मला जमते. सीएनसी प्रोग्रॅमिंग अजून येत नाही. १५ मे ते ३० जून या काळात मी रोज पूर्ण वेळ येऊ शकतो. क्वालिटी विभागात रिजेक्शनच्या नोंदींचे काम असल्यास ते करण्याची इच्छा आहे. कॉलेजचे पत्र तयार आहे. आपण सांगाल त्या दिवशी दहा मिनिटे भेटायला येईन."

या निरोपात मालकाला हवे ते सगळे आहे: कोण, कधीपासून कधीपर्यंत, काय करू शकतो आणि किती वेळ मागतो आहे. "कोणतेही काम चालेल" असे लिहिण्याचा मोह होतो, पण त्यामुळे समोरच्याला तुमच्यासाठी काम शोधत बसावे लागते आणि तेवढी सवड त्याच्याकडे नसते. आठवड्यात उत्तर आले नाही तर एकदा आठवण करावी. दुसऱ्यांदाही उत्तर नसेल तर वाईट न वाटून घेता पुढच्या गल्लीत जावे.

पाचवी पायरी: रुजू होण्याआधी ठरवून घ्यायच्या गोष्टी

इंटर्नशिप देण्यासाठी जो पैसे मागतो, त्याच्याकडे जाऊ नये. "नोंदणी शुल्क", "किट", "प्रमाणपत्र शुल्क" अशी त्याची नावे काहीही असोत. शिकवणीचा वर्ग लावायचा असेल तर तो वर्ग म्हणूनच लावावा आणि रेझ्युमेत त्याला इंटर्नशिप म्हणू नये.

तारखा, वेळ, विभाग, मार्गदर्शकाचे नाव आणि स्टायपेंड असेल तर रक्कम, एवढे पत्रावर किंवा निदान ईमेलवर घ्यावे. स्टायपेंड नसेल तर निदान कँटीन आणि कंपनीच्या बसची सोय आहे का ते विचारण्यात संकोच बाळगू नये. सातपूर-अंबडला २०२१ पासून सुरू झालेल्या सिटीलिंकच्या बसने जाता येते; सिन्नर किंवा गोंद्याला मात्र रोजचा प्रवास वेळ आणि पैसा दोन्ही खातो, आणि तो हिशेब घरी बसून आधीच केलेला बरा. कारखान्यात अपघात झाल्यास विमा कोणाचा, हे महाविद्यालयाला विचारावे. अनेक महाविद्यालये विद्यार्थ्यांचा सामूहिक अपघात विमा काढतात आणि विद्यार्थ्यांना त्याचा पत्ताच नसतो.

विद्यार्थिनींनी आणि त्यांच्या पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा कायम नोकरीतल्या स्त्रियांइतकाच प्रशिक्षणार्थी आणि अप्रेंटिस यांनाही लागू होतो. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि त्याहून लहान ठिकाणांची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. समितीतल्या सदस्यांची नावे ऑफिसात लावलेली आहेत का, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे.

सहावी पायरी: पहिला आठवडा

पहिल्या आठवड्यात काम मागू नका. पाहा आणि लिहा. कारखान्यात असाल तर सुरक्षेचे नियम आधी. सेफ्टी शूज घातल्याखेरीज आत पाऊल टाकायचे नाही, फिरत्या यंत्राजवळ ओढणी, सैल बाही, हातातले कडे किंवा हातमोजेही चालत नाहीत, आणि कुलूप लावून "काम चालू आहे" अशी पाटी अडकवलेला स्विच कोणी सांगितले तरी चालू करायचा नाही. मोबाइलने फोटो काढण्याआधी परवानगी घ्यावी; गिऱ्हाइकाचे ड्रॉइंग हे त्याच्या मालकीचे असते आणि ते तुमच्या अहवालात छापून आले तर तुमच्यामुळे कारखान्याचे काम जाऊ शकते.

ज्यांच्या हातात यंत्र आहे त्या ऑपरेटरशी नीट ओळख करून घ्यावी. पदवीच्या तिसऱ्या वर्षातला मुलगा वीस वर्षे लेथवर उभ्या असलेल्या माणसाला "ए, हे कसं चालतं?" असे विचारतो तेव्हा त्याचे शिकणे तिथेच संपते. "काका, सवड असेल तेव्हा हे सेटिंग समजावून सांगाल का?" असे विचारावे, आणि तेही यंत्रावर जॉब (घडवायचा भाग) चढवताना नाही, चहाच्या सुट्टीत. पुस्तकात टूलच्या झिजेचे सूत्र मिळते. टूल झिजले हे आवाजावरून आणि चिपच्या (निघणाऱ्या धातूच्या किसाच्या) रंगावरून कसे ओळखायचे हे हीच माणसे सांगतात. सुपरवायझरला मात्र एकेक प्रश्न घेऊन दिवसभर गाठू नये. प्रश्न वहीत साठवावेत, त्यांतले ज्यांचे उत्तर स्वतः शोधता येईल ते खोडावेत आणि उरलेले दिवसाअखेरीस एकदम विचारावेत.

रोजनिशी लिहिण्याचा नियम महाविद्यालयाने घातलेला असतो आणि ती शेवटच्या रात्री एका बैठकीत भरली जाते, हे प्राध्यापकही जाणून असतात. त्या वहीव्यतिरिक्त स्वतःची एक वही ठेवावी. तिच्यात रोज तीन गोष्टी लिहिल्या तरी पुरे: आज काय पाहिले, काय कळले नाही, आणि कोणता आकडा मिळाला. आकडा यासाठी की "मशीन बऱ्याचदा बंद पडते" या वाक्याला कोणी विचारत नाही. "सोमवारी दुसऱ्या शिफ्टमध्ये तीन वेळा, मिळून ७० मिनिटे बंद होते" असे म्हटले की सुपरवायझर खुर्ची ओढून बसतो.

सातवी पायरी: एक काम निवडून ते तडीस नेणे

दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला मार्गदर्शकाकडे जाऊन एक छोटे काम मागून घ्यावे. ते कसे निवडायचे हे उदाहरणानेच स्पष्ट होईल.

समजा, एका भागाचा बोअर (आतले गोल छिद्र) २५ मिलिमीटरचा आणि टॉलरन्स (मापातल्या फरकाची मुभा) एच-७ आहे. म्हणजे माप २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या दरम्यान असले पाहिजे, एकवीस मायक्रॉनची मुभा. रोज काही जॉब रिजेक्ट होतात आणि "टूल बदलायला उशीर होतो" असे सगळे म्हणतात. विद्यार्थ्याने सुपरवायझरच्या संमतीने दर तासाला सलग पाच जॉब मोजावेत, माप आणि वेळ लिहावी, टूल कधी बदलले आणि ऑफसेट (यंत्रातली मापाची दुरुस्ती) कधी दिला याची नोंद समोर करावी. चार-पाच दिवसांनी ती मापे वेळेप्रमाणे आलेखावर मांडली की कदाचित असे दिसेल की माप टूलच्या झिजेप्रमाणे सावकाश सरकते. किंवा असेही दिसेल की सकाळच्या पहिल्या तासात आणि जेवणाच्या सुट्टीनंतर ते उडी मारते, कारण थंड यंत्राचा स्पिंडल तापेपर्यंत लांबी बदलत राहते. पहिल्या प्रकारात टूल किती जॉबनंतर बदलायचे ते ठरवावे लागेल. दुसऱ्या प्रकारात उत्पादन सुरू करण्याआधी यंत्र काही वेळ रिकामे फिरवून तापवावे लागेल. दोन्ही उपाय फुकटचे आहेत. उपाय केल्यावर पुन्हा तितकेच दिवस मोजावे आणि फरक पडला का ते पाहावे. फरक पडला नाही तरी काम वाया जात नाही. रिजेक्शन कशामुळे होत नाही, हे तरी आता आकड्यांनिशी सांगता येते.

या कामाला महागडे सॉफ्टवेअर लागले नाही, कोणाची मोठी परवानगी लागली नाही आणि ते दोन-तीन आठवड्यांत संपले. निवडीची कसोटी हीच ठेवावी. "संपूर्ण कारखान्याचे ऑटोमेशन" किंवा "नाशिकच्या द्राक्ष निर्यातीचा अभ्यास" असे विषय घेऊ नयेत. ते तीन आठवड्यांत होत नाहीत आणि मग अहवालात इंटरनेटवरचे उतारे भरावे लागतात.

वाणिज्यच्या विद्यार्थ्याला असे काम हवे असेल तर खरेदी नोंदवही आणि जीएसटीआर-२बी हे जीएसटी पोर्टलवरचे पत्रक यांचा मेळ घालण्याचे काम मागावे. दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या या पत्रकात पुरवठादारांनी दाखवलेली बिले असतात. आपल्या टॅलीतल्या नोंदींशी ती जुळत नसतील तर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकते. कोणती बिले जुळत नाहीत, कोणत्या पुरवठादाराकडून हे वारंवार होते, चूक जीएसटी क्रमांकाची की तारखेची की बिल दाखवलेच नाही, अशी वर्गवारी करून दिली तर सीए ऑफिसातल्या वरिष्ठांचा खरोखर वेळ वाचतो आणि तुम्हाला कायद्याचे कलम पाठ न करताही त्याचे कामकाज समजते.

सॉफ्टवेअरमधल्या विद्यार्थ्याने कंपनीच्या प्रकल्पातला एखादा छोटा दोष शोधून दुरुस्त करावा, त्याची चाचणी लिहावी आणि दुसऱ्याने तपासून स्वीकारेपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा. स्वतःचे नवे ॲप बनवण्यापेक्षा दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचणे कठीण असते, आणि नोकरीत पहिली काही वर्षे बहुतेकांना तेच करावे लागते.

आठवी पायरी: शेवटचा आठवडा

अहवालाची पहिली चार पाने कंपनीच्या इतिहासाने भरण्याची प्रथा आहे. ती अर्ध्या पानावर आणावी. प्रश्न काय होता, काय मोजले, काय सापडले, काय बदलले, काय राहून गेले, या क्रमाने लिहावे आणि महाविद्यालयात देण्याआधी मार्गदर्शकाला वाचायला द्यावे. शक्य असेल तर सुपरवायझर आणि ऑपरेटर यांच्यासमोर दहा मिनिटांत ते मराठीतून सांगावे. ज्यांचे काम आहे त्यांच्यासमोर बोलताना पोकळ शब्द आपोआप गळून पडतात, आणि मुलाखतीची त्याहून चांगली तयारी नाही.

प्रमाणपत्रावर नाव, तारखा, विभाग आणि केलेल्या कामाचा एका ओळीत उल्लेख असावा. रेझ्युमेत "अमुक कंपनीत इंटर्न" एवढेच न लिहिता "बोअरच्या मापातील फरकाचे कारण शोधण्यासाठी नोंदी घेतल्या, सुरुवातीच्या तासातील रिजेक्शन कमी करण्याचा उपाय सुचवला" असे लिहावे. जे केले नाही ते लिहू नये; अंबडचा क्वालिटी मॅनेजर आणि सिन्नरचा क्वालिटी मॅनेजर बहुधा एकमेकांना ओळखत असतात.

नंतरचे वर्ष आणि पहिली नोकरी

इंटर्नशिप आणि शेवटचे वर्ष यांच्यामधल्या काळात, तिथे जे कमी पडले तेवढेच भरून काढावे. ड्रॉइंगमधली भौमितिक टॉलरन्सची चिन्हे कळली नसतील तर ती शिकावीत, एक्सेलमध्ये पिव्होट टेबल जमले नसेल तर ते शिकावे, इंग्रजीतून दूरध्वनीवर बोलताना अडखळला असाल तर रोज दहा मिनिटे मोठ्याने बोलण्याचा सराव करावा. पंधरा ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रे जमवण्यात हे वर्ष जाऊ देऊ नये. कॅम्पसच्या लेखी परीक्षेसाठी अंकगणित आणि तर्काचा सराव मात्र वेगळा करावाच लागतो, त्याला पर्याय नाही.

मार्गदर्शकाशी संबंध ठेवावा, पण सणाचे फॉरवर्ड पाठवून नव्हे. सहा महिन्यांनी "त्या उपायाचे पुढे काय झाले?" असे विचारणारा एक निरोप पुरेसा असतो. त्यांच्याकडे जागा निघाली तर त्यांना तुमचे नाव आठवेल, आणि जागा नसली तरी शेजारच्या कारखान्यातली त्यांना ठाऊक असेल.

नाशिकमध्ये राहावे की पुण्याला जावे, हा प्रश्न शेवटच्या वर्षात घरोघरी चर्चिला जातो. सॉफ्टवेअरमध्ये पुण्यात संधी जास्त आहेत हे खरेच आहे. उत्पादन, विद्युत उपकरणे आणि अन्नप्रक्रिया यांत मात्र केवळ शहराच्या नावासाठी जाण्याआधी दोन्हीकडचा पगार, घरभाडे आणि मिळणारे काम एका कागदावर मांडून पाहावे.

पहिल्या नोकरीत रुजू होताना भविष्य निर्वाह निधीसाठी यूएएन क्रमांक मिळतो. तो आयुष्यभर एकच राहतो, म्हणून आधार, पॅन आणि गुणपत्रिका यांवरचे नाव व जन्मतारीख तंतोतंत जुळते का ते त्याआधीच तपासून दुरुस्त करून घ्यावे. नेमणूकपत्रात बाँडची अट असेल तर किती काळाचा, सोडल्यास किती रक्कम आणि प्रशिक्षण नेमके कोणते, हे सही करण्यापूर्वी घरी नेऊन वाचावे. मूळ गुणपत्रिका किंवा पदवी प्रमाणपत्र जमा करून घेण्याचा आग्रह कोणी धरला तर ते दाखवून परत घ्यावे आणि स्वाक्षरी केलेल्या छायाप्रती द्याव्यात.